हिराआजीची बाजारातली जागा

पिंडाला कावळा कशानं शिवतो, ते मला विचारा. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा आमची हिराआजी गेली. रेवदंड्याच्या बाजारात पिंपळाखालच्या एकाच जागेवर जन्मभर मासळी विकली तिनं.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला, पण कावळा काही येईना. बाबा म्हणाले, “आये, होडी विकणार न्हाय.” काका म्हणाले, “आये, आम्ही भाऊ भांडणार न्हाय.” ऊन डोक्यावर आलं, तरी कावळे माडावर ढिम्म.

शेवटी चांगुणा पुढं आली. बाजारात आजीच्या शेजारी बसून तिच्याशी रोज भांडणारी हीच. कमरेवर हात ठेवून ओरडली, “हिरे, उद्यापासून तुझ्या जागेवर मी बसनार हाय!”

कावळा झपकन पिंडावर!

चांगुणा पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आली बघा भांडायला!”