कोटातले गुलाबराव

थांबा रामरावभाऊजी, तो खिळा नका ठोकू. आधी मला सांगा, हे कोण साहेब आणले तुम्ही? — गुलाबराव? अच्छा! म्हणजे माझाच नवरा! बरं झालं सांगितलं, नाहीतर मी यांना खुर्ची देऊन चहा विचारला असता. आणि हा निळा कोट? टाय? अहो, तुमच्या दादानं जन्मात कोट नाही घातला, लग्नातही पांढरा बुशशर्टच होता. — स्टुडिओवाल्यानं कम्प्यूटरवर घातला? वा! आणि हा जबडा? तोही त्यानंच बसवला? नागपूरच्या डॉक्टरांनी कापून काढला तो काढला, परत बसवता नाही आला त्यांना, अन् आपल्या गल्लीतल्या फोटोवाल्यानं चहा उकळेपर्यंत बसवून दिला! कॅन्सरसाठी उगाच नागपूरला धावलो आपण.

हो हो, समजलं — संध्याकाळी विहारात त्यांचं पुण्यानुमोदन आहे, लोक येतील, चेहरा चांगला दिसला पाहिजे. लोकांची भारी काळजी तुम्हाला, पहिल्यापासूनच. आणि बॅनरवर काय लिहून आणलं? कुटुंबवत्सल! शब्द तर मोठा शोधला. होतेच ते. फॅक्टरी सुटली की सरळ घर, बाजारात शहपुऱ्याचा मटार आला की पोरीला घेऊन सोलत बसणार. अर्धा जबडा गेला, शब्द धड फुटत नव्हता, तरी जयाला स्कूटरवर परीक्षेला सोडून यायचे. मी खिचडी मिक्सरमधून काढून द्यायची, तर चमचा तोंडाशी नेता नेता मलाच विचारायचे, तू जेवली काय? — चहा घ्या. घ्या हो, विष नाही घातलं.

उघड्या तोंडानं बसत होते माझ्यासमोर. गळायचं, मी पुसायची. हसायचे पण — एका बाजूनं, दुसरी बाजू हलतच नव्हती. मला सवय झाली होती. सवय काय, आवडायचं मला ते हसणं — हसा, तुम्हीही हसा! मग जयाचं लग्न आलं. पोरीचा बाप, आणि दिवसभर मागच्या खोलीत! मंडपात भंतेजी पंचशील देऊन राहिले, अन् मी आत जाऊन बोलावून बोलावून थकली. मानेनंच नाही म्हणायचे. मला वाटलं, दुखत असेल. आणि त्या दिवसापासून तोंडाला गमछा — पाहुणे गेले तरी गमछा, झोपताना गमछा, जेवायचं ते भिंतीकडे तोंड करून. पुसायला गेली तर हात धरून बाजूला करायचे. मी म्हटलं, काहून जी असं करून राहिले? तर म्हणे, तुझ्यासाठीच. मी अडाणी, मी समजली वास येतो म्हणून! असं सगळं वर्ष गेलं अन् माणूस गमछ्यातच गेला. नवऱ्याचं तोंड मी परत पाहिलं ते मेल्यावर, अंघोळ घालताना.

अन् परवा जया भांडी विसळता विसळता काय म्हणते? तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे, इकडच्या शाळेत हिंदीच शिकली — "मम्मी, मेरी शादी में पापा को अंदर क्यों बिठाया आपने?" मी? मी बसवलं? तर म्हणे, काकाच तर येऊन म्हणाले होते माझ्यासमोर — दादा, नागपूरचे पाव्हणे आले, तू आतच बस, वहिनी म्हणून राहिली, तिला लाज वाटते.

सांडू द्या चहा. मी पुसते नंतर.

अक्कल मात्र चांगली चालवली, भाऊजी. तुमचं नाव घेतलं असतं तर ऐकलं नसतं त्यांनी, सरळ पहिल्या रांगेत येऊन बसले असते. माझं नाव घेतलं अन् तोंड झाकलं त्यांनी. मला लाज वाटते समजून झाकलं, अन् तसंच समजून गेले. मला विचारलंसुद्धा नाही, मला वाईट वाटेल म्हणून!

तर आज माईक तुमच्याच हातात आहे ना? बोला, त्याग बोला, वत्सल बोला. अन् एक वाक्य हेही बोला, की कलावतीवहिनीनं असं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. बस, इतकंच. — मान खाली घालून काय होते? मला समजते, ते काही ऐकायला बसले नाहीत, मी वेडी नाही. पण भंतेजी म्हणतात, आपलं पुण्य पोहोचते गेलेल्या माणसापर्यंत. पोहोचत असेल तर पहिले हे पोहोचलं पाहिजे, बाकीचं राहू द्या. — नाही जमत? व्याह्यांसमोर कसं बोलू म्हणता? चलो, बस हो गया. मीच बोलते. कधी माईक धरला नाही, आज धरीन.

उठा आता, हा कोटवाला साहेबही घेऊन जा सोबत. अन् तिकडून नाही, मागच्या दारानं जा. समोर माणसं बसली आहेत, मला लाज वाटते.