नंबर नसलेली पानं

तसं नाही मॅडम, मशीन चालू आहे, पण या पानांना नंबर का नाहीत ते आधी सांगा. सात वर्षं झेरॉक्स काढतोय मी पनवेलात, बिननंबरचं पुस्तक आजवर आलं नाही. काय? ज्या मास्तरला जे पान हवं ते त्याने घालायचं, नको ते काढायचं — म्हणून भोकं पाडून दोरीने बांधायचं? बरं. आणि यातून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणार? त्यासाठी अमेरिकेतून परत आलात? मला वेगळाच वास येतोय. खरं सांगा, कॉलेजने पाठवलंय ना? — नाही म्हणताय, मग सारखं कपाटाकडे का बघताय? जुन्या फायली आहेत त्या. मुलांचे प्रोजेक्ट. लायब्ररीचं सॉफ्टवेअर, सगळं तयार, फक्त वरचं नाव बदलायचं — म्हणजे मुलंच बदलतात, मी नुसतं टाइप करून देतो. आतल्या मेंबरांच्या यादीत पहिलं नाव आमच्या करंजा बंदरावरच्या दादूमामाचं, ते मात्र कोणी बदलत नाही. मामाला सही येत नव्हती, आणि अकरा लायब्रऱ्यांचा मेंबर आहे तो. — तुम्हाला हे माहीत नव्हतं? मग कशाला बोललो मी.

आता तुमची ही पानं. मुलांच्या एका गटाला करंज्याचा मासळीचा लिलाव, दुसऱ्याला नवीन पनवेलच्या सोसायटीचं पाणी — आधी तिथे जायचं, माणसांना विचारायचं काय अडतंय, मग प्रोग्रॅम. वर दर वर्षी पानं बदलणार म्हणता. म्हणजे माझं कपाट रद्दीत, हेच ना? सरळ बोला की. आमची संजना तुमच्याच वर्गात आहे, ठाऊक असेलच. तिच्यासाठी मी स्वतः फाईल बांधून ठेवली होती, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरांत नाव. हात लावला नाही तिने. तीन दिवस करंज्याला जाऊन आली आणि मला विचारते, बाबा, लिलावात बोली कोण लिहून ठेवतं? मला काय माहीत? मामाच्या बोटीवर वाढलो मी, पण असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. चिडलो तिच्यावर. तेव्हापासून तिथलं टिपून आणलेली वही उशाखाली ठेवते, मला दाखवत नाही. तुम्हाला दाखवली? वाचलीत? कशी — नको, सांगू नका. जरा बाजूला व्हा, मागे गिऱ्हाईक उभं आहे.