अक्कांची गच्ची

धुळ्यात मी भाडेकरूसकट घर घेतलं, तेव्हाची गोष्ट. मला गच्चीवर खोली चढवायची होती. पण भाडेकरू अक्कांना जुन्या मालकानं शब्द दिला होता, उन्हाळाभर गच्ची तुमची.

मी म्हटलं, "शब्द त्यांचा, घर माझं."

"घर लिधं ना भाऊ? मंग शबद बी तुमनाच."

ऐकतो कोण! मिस्त्रीला घेऊन वर गेलो, तर गच्चीभर साड्यांवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातलेल्या. मधे बसून अक्का म्हणाल्या, "या, ठेवा पाय."

मिस्त्रीनं अन्नाला हात जोडले आणि खाली उतरला.

आता तेच घर विकायला काढलंय. परवा बघायला गिऱ्हाईक आलं. मी आधीच बजावलं, "उन्हाळ्यात गच्ची अक्कांची. शब्द दिलाय."

"कोणी?"

"मी."