गडग्यापलीकडचे चार दिवस

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनीही बसून घ्या. मी लवकर आटपणार नाही.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. सभेत बोलायची सवय नाही हो मला. उपकेंद्राची नर्स मी, तुमच्या पोरांना सुया टोचणारी. सुलभाला, माझ्या सुलूला जाऊन पंधरा दिवस झाले. पण आज मी रडायला उभी राहिलेली नाही. मला राग आलाय, आणि तो तुम्हाला ऐकावा लागेल.

आत्ता तिघेजण बोलून गेले. सुलू गुणी होती, सोशिक होती, इतकी वर्षं बालवाडी चालवली, कधी तक्रार केली नाही. खरंय. पण परवा तेराव्याच्या पंगतीत हीच तोंडं काय कुजबुजत होती? "म्हणजे ती बाई नव्हतीच म्हणे." वाढायला मीच होते तिथे. हातातली आमटी कुणाच्या डोक्यावर ओतली नाही, एवढे उपकार माना.

म्हणून आज सगळं नीट सांगते. तिनेच सांगायला लावलंय. रत्नागिरीला दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "बाई, मी गेल्यावर हे लोक सभा घेतीलच. तेव्हा सांगा. दादाच्या तोंडावर सांगा." अनंतदादा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. पहिल्या रांगेत बसलात, बरं झालं.

सुलू अठराची झाली तरी तिला पाळी आली नव्हती. माना खाली घालू नका, हा शब्द तुमच्या घराघरात आहे. वडील आणि अनंतदादा तिला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं. आपल्या सगळ्यांच्या शरीरात गुणसूत्रं असतात. बहुतेक बायकांची एक जोडी एका तऱ्हेची असते, पुरुषांची दुसऱ्या तऱ्हेची. सुलूची जोडी पुरुषांसारखी निघाली. पण पुरुषाचं शरीर ज्या हार्मोनमुळे घडतं, त्याचा तिच्या शरीरावर परिणामच होत नव्हता. म्हणून आईच्या पोटात असल्यापासून ती बाईच घडली. गर्भाशय तेवढं नव्हतं, आणि पोटात दोन ग्रंथी होत्या. अशी माणसं जन्माला येतात. पूर्वीही येत होती, पुढेही येतील. यात पाप कुणाचं? शाप कुणाचा? सांगा की कुणीतरी.

डॉक्टरांनी हे बापाला सांगितलं, भावाला सांगितलं. पोरीला सांगू नका म्हणाले. शहाणेच! ज्या ग्रंथी पुढे कॅन्सर होऊन दगा देऊ शकतात त्या ऑपरेशन करून काढून घ्या, हेही सांगितलं. कागद लिहून दिला. तो कागद ट्रंकेत गेला. ऑपरेशन केलं तर लोक विचारतील, कसलं ऑपरेशन? त्यापेक्षा नकोच. आणि सुलूला काय सांगितलं? तुला कडक मंगळ आहे, तुझं लग्न जमायचं नाही.

आणि आईने तिला बाहेर बसायला लावलं. "विटाळ पोटात साठलाय, अंगावर येईल कधीतरी. तवर रीत पाळ गो, कुणाला कळता नये." पाळी नसलेली पोर दर महिन्याला चार दिवस पडवीत बसली. वीस वर्षं.

बालवाडी इथेच भरते, देवळाच्या या सभामंडपात. पण महिन्यातले चार दिवस ती गडग्याबाहेर, देवळाच्या या दगडी कुंपणापलीकडे, फणसाखाली भरायची. पोरांना ते चार दिवस भारी आवडायचे. सुकडी तिथेच खायची, फणसाची पानं गोळा करायची. पोरं तिथे दिसली की सगळ्या गावाला कळायचं, सुलू बाहेरची आहे. मलाही तेच वाटायचं. नऊ वर्षं तिच्या शेजारी राहिले, नर्स म्हणून मिरवले, आणि मी एकदाही विचारलं नाही. तो माझा गुन्हा. तो मी कुणाच्या माथी मारत नाही.

मग तिची आई गेली, तो दिवस. तुमच्यातल्या कितीजणी होत्या त्या खाटेभोवती. म्हातारी पाणी मागत होती. सुलूच्या हातचं पाणी मागत होती. तुम्हीच सांगितलंत तिला, सुलू बाहेर आहे, तिसरा दिवस आहे तिचा. सुलू पडवीत, मध्ये एक दार. ती आत आली असती तर विटाळ कालवला म्हणून तुम्ही बोंब मारली असती. आपल्याला काहीच येत नाही असं सांगितलं असतं तर तुम्ही चारचौघात तिची सालं काढली असती. ती बसून राहिली. म्हातारी तशीच गेली.

अनंतदादा, वडील त्याआधीच गेलेले. त्या घरात एका माणसाला माहीत होतं की बाहेर बसलेल्या पोरीला कसलाही विटाळ नाही. तुम्ही उशाशी होतात. नुसतं म्हणायचं होतं, आत ये. दोन शब्द.

गेल्या वर्षी तिच्या जांघेत माझ्या हाताला गाठ लागली. ती लपवत होती, मी ओढत दवाखान्यात नेली. तेव्हा कुठे ट्रंकेतला कागद बाहेर आला. उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावलं, तिचा हात धरून. सुलूने गाठीचं काही विचारलं नाही. मरणाचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी आत जाऊ शकत होते?"



तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांची पोर असेल आणि पाळी आली नसेल, तर तिला उपकेंद्रात आणा. जे निघेल ते मी आधी तिला सांगेन. बाप नंतर, भाऊ त्याच्याही नंतर.

आता दोन मिनिटं उभं राहायचंय. पण जरा थांबा. गडग्यापलीकडे फणसाखाली चौघीजणी केव्हाच्या उभ्या आहेत. का उभ्या आहेत ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. माझाही आज दुसरा दिवस आहे. मी मघापासून या खांबाला टेकून बोलतेय आणि देऊळ जागच्या जागी आहे. गावकर, देवळाचा मान तुमचा असला तरी उठू नका. मला काय बोलायचं ते उद्या बोला.

बायांनो, आत या. सुलूच्या फोटोपुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा राहिलाय. तो इथे पायरीवर भरून ठेवलाय. तुमच्यातल्या कुणीतरी तो उचला आणि तिच्यापुढे ठेवा. मग आपण सगळे उभे राहू.

या. मी थांबते.