नदीकाठच्या शेतीचं नाव

महाडच्या नोंदणी कार्यालयाबाहेर बाकावर माझ्या शेजारी शिवथरचे एक वयस्क शेतकरी आणि त्यांची लेक बसली होती.

"अंकिता, वकिलाला सांगितलं हाय. मृत्युपत्रात तुझ्या भावाला, ऋत्विकला घर लिवायचं आणि तुला नदीकाठची शेती."

"आबा, मला शेती नको."

"का गो? घटस्फोट झाला म्हणून लाजतेस?"

"लाजू कशाला? पोटगी एकदम घेतली, त्यात गडाखाली हिरकणीवाडीला खाणावळ टाकली. रविवारी गडावरून माणसं उतरली की बसायला जागा नाय उरत."

"ठाव हाय मला. शिवथरात सगल्यांना सांगत असतो. पन मी गेल्यावर तुला कोन बघंल?"

"माझं मी बघते. आईला कोण बघंल? जन्मभर त्या शेतात राबली, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाय. कोर्टात मला विचारलं, तुमच्या नावावर काय आहे? 'काय नाय' म्हणावं लागलं, आबा. आईवर ती पाळी नको."

आबांनी हातातले कागद घडी करून पिशवीत घातले.

"मंग मी मरायची वाट कशाला बघायची? बक्षीसपत्रच करू. माझ्या डोल्यांदेखत लागू दे तिचं नाव."

दारातून कारकुनाने हाक मारली, "कोंडाजी मालुसरे! मृत्युपत्र ना?"

"ते ऱ्हाऊ द्या, सायेब. उद्या बायकोला घेऊन येतो. शेती तिच्या नावावर करायची हाय."

"आणि या कोण?"

"ही माझी लेक. हिला कायबी नको. हिचं हिनं कमावलं हाय."