नवसाची दाढी

ये, हिकडं ये, अजून जवळ. तिकडं खुर्चीत लांब बसलास तर मला ऐकू येत न्हाय अन् तुझं त्वांडबी दिसत न्हाय. हां, आता दिसलं. आरं काय ही दाढी ठिवलीस, का बांधावर कुसळं वाढू दिलीत? मघापासनं बघायलेय, बोलता बोलता नुसतं खाजवतूस. अन् ती बाटली कसली, तेलाची व्हय? वास बघ तिचा, अत्तराच्या दुकानागत. वरनं वास लावून काय व्हतंय बाबा, खाली कातडं कोरडं ठणठणीत. कापडं इस्त्रीची अन् त्वांड असं. हसू नको. म्या एक दाढी लेकरागत सांभाळलीय, चांगली पाच-सा वर्सं. जुन्या गोष्टी लिहून घ्यायच्या म्हणून आलास न्हवं, मग घे लिहून.

म्या ईट गावची, भूमकडली. बाप शेतकरी, घरात पोरीबाळी लई, शाळा म्या भिंतीपल्याडनंच ऐकली, वाचायला शिकले ते लई नंतर, माझं माझं. निजामाचं राज्य गेलं, त्याच्यावर काही वर्सांनी माझं लगीन झालं, दिलं ते पार तामलवाडीला. मांडवात अंतरपाट खाली घेतला अन् म्या बघते तर काय, मुंडावळ्याखाली ही दाढी! बाया कुजबुजायल्या, अगं नवरदेव हाय का गोसावी? माझी मावशी तर मोठ्यानंच म्हणली, आमच्या पोरीला घेऊन भिक्षा मागत हिंडतंय का काय हे. मग सासऱ्यांनी भर मांडवात सांगितलं, गप बसा, नवसाची हाय.

नवस असा की शेतात इहीर खोदायला घेतली हुती अन् पाणी काय लागत न्हवतं. उन्हाळ्यात खोदायचं, पाऊस आला की थांबायचं, वर मुरूम अन् खाली काळा खडक. तवा सासरे तुळजापूरच्या आईला बोलले हुते, पाणी लागंस्तवर माझ्या लेकाच्या दाढीला वस्तरा लागणार न्हाय, पाणी लागलं की दाढी तुझ्या पायाशी. आता तूच बघ, नवस बापाचा अन् खाज लेकाला. सासऱ्यांची स्वतःची दाढी आपली दर ऐतवारी गुळगुळीत व्हायची, दगडूनाना न्हावी यायचे घरी. पण नवसाच्या दाढीला न्हाव्याचा हात लावायचा न्हाय, कात्री न्हाय, लोखंड म्हणून न्हाय. घरच्या माणसानंच धुवायची, इंचरायची, अन् फणीत आलेला केसबी टाकायचा न्हाय, फडक्यात बांधून ठिवायचा, त्योबी देवीचाच. अशी आमच्या घरची रीत.

म्या आले तवा हे काम सासूबाईकडं हुतं. माउली जीव लावून करायची, पण करायची काय तर कापडाच्या साबणानं खसाखसा धुवायची अन् वर एरंडेल थापायची, असं दाट की बोट निघू नये. मालक दिसभर इहिरीत, मुरमाचा फुफाटा उडायचा, त्यो त्या तेलात बसायचा अन् दाढीचे नुसते गठ्ठे व्हायचे. खाली कातडं लालेलाल, वर कोंड्याची खपली, नखं लागून रगात यायचं. अन् एक दिस हनुवटीखालनं झुबकाच हातात आला. सासरे जेवता जेवता उठले. म्हणले, दाढी अशीच गळून गेली तर आईला काय द्यायचं, अन् नवस मोडला तर पाणी लागायचं कसं? काय सांगू तुला, त्या इहिरीवर सगळ्यांचा जीव टांगलेला, अन् इहीर ह्या दाढीला टांगलेली.

मग दगडूनानाला इचारलं. ते अंगणात उभं ऱ्हायले, दोन्ही हात पाठीमागं धरून, चुकून लागायला नकोत म्हणून. तिथनंच मान वाकडी करकरून बघायले. म्हणले, वहिनी, ही दाढी हाय का पेंड? आधी ते एरंडेल बंद करा. रातभर रिठे-शिकेकाई भिजवा, कोमट पाण्यात गाळून घ्या, अन् बोटाच्या पेरानं कातड्यापसनं धुवा, नखानं न्हाय. पार कोरडी झाली की करडीचं तेल, तेबी चार थेंब, तळहातावर चोळून मग खालनं वर लावायचं. फणी लाकडाची, अन् गुंता टोकाकडनं सोडवायचा, मुळाकडनं वढायचा न्हाय. सासूबाई म्हणल्या, नाना, मला गुंता दिसतोय कुठं आता, डोळे गेले माझे. अन् स्वैपाकघराकडं त्वांड करून म्हणल्या, ए पोरी, ये गं तू.

आता तुला हे कळायचं न्हाय. तवाची रीत अशी की थोरामोठ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं न्हाय, त्याच्यासमोर उभंसुदिक ऱ्हायचं न्हाय. लगीन होऊन वरीस झालं तरी म्या ह्यांचं त्वांड उजेडात धड बघितलं न्हवतं. अन् आता सासऱ्यांच्या देखत, ओसरीवर, भर उन्हाचं, ह्यांच्या हनुवटीला हात! म्या तांब्या असा वतला की पाणी सगळं सदऱ्यावर. सासरे भिंतीकडं त्वांड करून बसले. नाना म्हणले, सूनबाई, बैल न्हाय त्यो, मारत न्हाय.

तवापसनं दर ऐतवारी ते काम माझं. दोनतीन महिन्यांत खपली गेली, कातडं मऊ झालं, गेलेल्या जागी बारीक केस फुटले. अन् मग दाढी अशी वाढली, अशी वाढली, काळीभोर, छातीपतूर, नुसती चमकायची. तामलवाडीच्या बाजूनं कुणी बी गेलं की म्हणायचं, दाढीवाल्याची इहीर कुठवर आली?

अन् त्या दाढीत एक गंमत हुती, ऐक. मिशा ओठावर आलेल्या, त्यामुळं ह्यांचे ओठ हललेले कुणाला दिसायचेच न्हाईत. एका ऐतवारी म्या फणी फिरवतेय अन् आवाज आला बारीक, पोटभर जेवतीस का? म्या दचकले. इकडंतिकडं बघते तर सासरे सुपारी कातरायलेत. म्या काय बोलणार, माझं त्वांड तर उघडं. मग म्या फणी जरा खाली वढली. ते म्हणले, म्हंजे व्हय. मग तेच ठरलं. व्हय असलं की फणी खाली, न्हाय असलं की तिथंच थांबवायची. ईटची याद येती का? फणी खाली. आई रागावती का? फणी थांबली. जरा जास्तच येळ थांबली असंल, तर हे हसले, अन् तेल सांडलं. लई दिस असं चाललं. एकदा सासूबाई तांब्या ठिवता ठिवता लेकाला म्हणल्या, जरा हळू बोलत जा रं, तुझा बाप बसलाय. डोळे गेलेले, कान न्हाय!

मग एका उन्हाळ्यात सुरुंग उडाला अन् खडकाच्या फटीतनं पाणी आलं. सगळं गाव पळालं बघायला. सासरे तिथंच चिखलात बसून रडले. म्याबी रडले, आनंदानंच, पाणी कुणाला नको असतंय? दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी गाडी जुपून तुळजापूर. दाढी उतरली, फडक्यातले साठलेले केस तिच्यासंगं आईच्या पायाशी ठिवले. अन् हे माझ्याकडं वळले तर म्या पदरच वढून घेतला, कोण परका माणूस म्हणून. गाल पांढरेफटक, हनुवटी नुसती अंड्यागत. येताना गाडीत सगळे बोलत हुते, म्या अन् हे तेवढे गप.

मग ऐतवार आला. नाना धोकटी घेऊन आले, ह्यांची दाढी केली, सासऱ्यांची केली, गेले. पुढच्या ऐतवारी तसंच. म्या चुलीपशी भाकरी थापायची अन् दारातनं बघायची. हात नुसते मोकळे वाटायचे. नवस फिटला, सगळं भलं झालं, अन् आपलं काय गेलं हे सांगायचं तरी कुणाला?

अन् एका ऐतवारी, नाना नुकतेच उठले हुते, सासरे सुपारी कातरत बसलेले, अन् हे ओसरीवरनं, उघड्या तोंडानं, चांगलं मोठ्यानं म्हणले, अगं, औंदा पंचमीला ईटला जायचं का? माझ्या हातातली भाकरी तव्याच्या काठावर पडली. अडकित्ता थांबला. नाना धोकटी घेऊन दारातच थबकले. म्या बघितलं, सगळे माझ्याकडंच बघायले, अन् फणी तर हातात न्हाय. मग म्या उठून दारात आले, पदर सावरला अन् म्हणलं, व्हय.

अडकित्ता परत चालला. मग सासरे भिंतीला म्हणले, मग गाडीच्या चाकाला वंगण घाला, मोप कुरकुरतंय.

तेवढंच. त्या दिसापसनं आमच्या घरात लेकीसुना बोलायल्या बघ. पुढं ह्यांनी दाढी परत ठिवली, नवस न् बिवस काय न्हाय, हौस म्हणून. आता पांढरी झालीय, इरळ झालीय, पण कातडं बघ जाऊन, लेकरागत हाय. त्यांना ऐकू कमी येतंय, म्हणून बोलतात एवढ्यानं की गल्लीला कळतंय आज भाजी खारट झाली. बोलू दे. आईनं दोघांनाबी एवढं आयुष्य दिलं, अजून काय मागायचं. तुमच्याबी संसारात असंच बोलणंचालणं ऱ्हाऊ दे.

जा आता, तुझी एष्टी चुकंल. अन् पुन्यांदा येताना एकटा येऊ नको, तुझ्या बायकूला आण संगं, हुरडा निघंल तवा या, चांगले चार दिस ऱ्हावा. आमी हाव इथंच, पण लई वाट बघायला लावू नको बाबा, लवकर ये.