सासूबाईंचं नाव तसंच राहू दिलं

माझा जन्म हडपसरचा, हडपसर गाव होतं तवाचा. वडील लवकर गेले आन् आईनं मंडईत पालेभाजी विकून आम्हा तिघी बहिणींना वाढवलं. लग्न झालं, नवरा झाडणकामावर होता, तो तापात गेला आन् त्याच्या जागी वारसानं मी लागले. आता एकवीस वर्षं झाली, सदाशिव पेठेतले रस्ते झाडते. तिथली माणसं ताई अहो करून बोलतात आन् कचरा मात्र अहो न म्हणता टाकतात, ते असू द्या.

कामावर लागले तवा फॉर्म भरायचा होता. आजारपणाच्या योजनेत बाईमाणसाला एकच घर लावता येतं, माहेरचं न्हाईतर सासरचं. कारकून म्हणला, आई लावू का सासू? माझी आई शेजारीच उभी होती. मला बोलूच दिलं न्हाई. म्हणली, सासूचं लाव, तिचा लेक गेलाय, त्याच्याच जागेवर तू लागलीस. मंग सासूचं लावलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं, मांडीच्या हाडाचं झालं, सगळं त्या कार्डावर झालं, खोटं कशाला बोलू.

सासूबाई गेल्या त्याला पाच वर्षं झाली. दाखला नेऊन नाव कमी करायचं असतं, पण आमच्या हजेरी कोठीत, रोज सकाळी हजेरी लागते तिथं, कुणी करत न्हाई. दरसाली कार्ड यायचं, त्यावर त्यांचा फोटो, कपाळ भरून कुंकू लावलेला. मी म्हणायचे, राहू दे, आपल्या हातानं कशाला काढायचं. तवाच काढून आईचं लावलं असतं तर, काय सांगू तुम्हाला, आज हे सांगायला बसलेच नसते.

तोंडानं फटकळ म्हणून युनियनवाल्यांनी मला बायकांची प्रतिनिधी केली. मागल्या साली वरून, महापालिकेतून कागद आला, उपचाराचा खर्च परवडत न्हाई, तुमच्या पगारातून कापतो तो हिस्सा दुप्पट करणार. आम्ही म्हणलं, जमणार न्हाई. चार बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत साहेब एकदम गोड झाले. म्हणले, हिस्सा आहे तेवढाच ठेवू, आपण फक्त एक करा, बायकांनी आज जे घर लावलंय ते कायमचं, पुन्हा बदलायचं न्हाई, सासू गेली की आई लावतात, एकीच्या नावावर दोन-दोन म्हाताऱ्या होतात. आमच्या अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, हा बायकांचा विषय, तुम्ही बोला. माझ्या डोळ्यापुढं पगाराच्या दिवशी रडणाऱ्या बाया होत्या. मी म्हणलं, चालेल. सही केली. कोठीवर पेढे वाटले, मला हार घातला, मी मिरवले पण.

दिवाळीनंतर आईचे पाय सुजले. डॉक्टर म्हणले, दोन्ही मूत्रपिंडं गेली, आठवड्याला दोनदा डायलिसिस. मी सासूबाईंचा दाखला घेऊन ऑफिसात पळाले. कारकून म्हणला, त्यांचं नाव कमी होईल, पण त्या जागी दुसरं लागणार न्हाई. म्हणलं, असं कुणी ठरवलं? त्यानं फाईल काढली, कागद माझ्याकडं फिरवला आन् बोट ठेवलं. खाली माझीच सही. बिचारा हसला पण न्हाई. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

माझ्या बरोबरीची पुष्पा, तिचंही तेच, कार्डावरची सासू गेलेली आन् वडील अंथरुणाला. कोठीवर सगळ्यांसमोर म्हणली, सही करताना आमची आई-बापं आठवली न्हाईत का गं तुला? मला माझीच आठवली न्हवती. आई तेवढी धडधाकट होती ओ, सकाळी उठून मेथी निवडत बसायची.

आता युनियननं विषय परत काढलाय. साहेब म्हणतात, ते कलम काढतो, मंग हिस्सा वाढवून द्या. सोमवारी सभा हाय. सगळ्यांच्या पगारातून जास्त कापू द्या असं मला उठून सांगायचंय, आन् प्रत्येकाला ठाऊक हाय कुणाच्या आईसाठी. तरी बोलणार. आधी म्हणणार, चुकले, मंग बोलणार. मला भीती वाटते. इतकी वर्षं कुणाला भ्याले न्हाई, पण आपल्याच माणसांची वाटते.

आईला सांगितलं तर म्हणली, तुझं कशाला चुकलं, सासूचं लाव असं मीच म्हणले होते. डोक्यावरून हात फिरवला, सुईनं काळानिळा झालेला हात. म्हणली, सभेत माझं नाव घेऊ नको, पुष्पाच्या बापाचं घे.

न्हाई घेणार सभेत. पण तुम्ही लिहून घेताय ना ताई? मंग लिहा, गऊबाई, राहणार हडपसर, माझी आई. एका तरी कागदावर तिचं नाव माझ्या नावाशेजारी असू द्या.